चौदावा सोमवार

नवरा अचानक गोड वागायला लागला की बायकोने दोन गोष्टी तपासाव्यात, असं आमच्या शाळेतल्या एक जुन्या बाई म्हणायच्या. एक त्याचे खिसे आणि दुसरी त्याची आई. मी दोन्ही तपासून बसले होते, म्हणूनच त्या दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं ठरलं तेव्हा मला आनंदाऐवजी धसका बसला.

ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही गंगापूर रोडला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, हे केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. नऊ वर्षांत यांनी मला त्र्यंबकलाही आपण होऊन नेलं नव्हतं. एसटीला गर्दी असते, हे कारण ठरलेलं. आणि तोच माणूस एका संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाला, "एलटीसी आहे, प्रवासखर्च सरकार देतं. अंदमानला जाऊ या. बेटं बघू, समुद्रात डोकं घालून मासे बघता येतात म्हणे."

मी विचारलं, "आपणच का?"

"म्हणजे काय? आपण नाही तर कोण?"

माझ्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. आषाढात हे तीन रविवार एकटेच सायखेड्याला जाऊन आले होते. तिथे गोदावरीकाठी यांचं घर, शेती, आणि सासूबाई. मी येते म्हटलं तर "चिखल आहे, तू कशाला" असं ऐकवलं. त्यानंतर सासूबाईच बदलल्या. नऊ वर्षं ज्या बाईने भेटल्या भेटल्या माझ्या पोटाकडे आधी आणि तोंडाकडे नंतर पाहिलं, ती एकदम विचारायचीच थांबली. उलट माझ्या ताटात तूप जास्त वाढायला लागली. श्रावणात मी सोळा सोमवार धरले, तर प्रसादाच्या चुरम्यासाठी पिशवीभर निवडलेले गहू तिने स्वतःहून पाठवले. शेजारच्या काकूंनी तर सरळच सांगितलं, "सायखेड्याला तुमच्या नात्यातली एक मुलगी आहे ना, मॅट्रिक झालेली? तिच्या घरी तुमच्या सासूबाईंचं जाणंयेणं वाढलंय म्हणतात."

बळी द्यायच्या बकऱ्याला आधी हार घालतात. मला वाटलं, माझा हार अंदमानचा आहे.

मद्रासपर्यंत रेल्वे आणि पुढे तीन दिवस जहाज. जहाजात मी आडवी होते ती आडवीच. हे लिंबू आणून देत, पाठीवरून हात फिरवत, आणि मी डोळे मिटून मोजत होते की हे प्रेम किती आणि अपराधीपणा किती. यांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक खाकी पाकीट होतं. नाशिकरोड सोडल्यापासून दिवसातून दोनदा तरी यांचा हात तिथे जायचा. एकदा हे अंघोळीला गेले असताना मी ते बाहेरून चाचपून पाहिलं. आत घडी केलेला जाड कागद होता. उघडण्याचा धीर झाला नाही. वकिलाचा कागद वाचून उरलेला समुद्र कसा पार करणार होते मी?

पोर्ट ब्लेअरला पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. नाशिकचा माणूस तिथे गेला की कुठल्या कोठडीपुढे उभा राहणार हे सांगायला नको. आम्हीही राहिलो. यांनी घसा खाकरला, "तुला एक सांगायचं होतं," म्हणाले, आणि मग भिंती किती जाड आहेत ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी होडीने वायपर बेटावर गेलो. तिथे बघायला काय, तर फाशीघर. बायकोला फिरायला आणून फाशीघर दाखवणारा नवरा माझ्याच नशिबी असायचा. तिथेही यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या दिवशी एका पुळणीवर नारळपाणी प्यायलो. वाळू पांढरी, पाणी असं निळं की खोटं वाटावं. एक बंगाली जोडपं हातात हात घालून फोटो काढून घेत होतं, त्यांनी आमचाही काढला. तो फोटो अजून आहे. त्यात हे समुद्राकडे बघताहेत आणि मी यांच्या कोटाकडे.

चौथा दिवस सोमवार होता. माझा चौदावा.

आमच्याकडे हा उपास अळणी करतात. दिवसभर मिठाचा कणही तोंडात जाता कामा नये. संध्याकाळी पूजा झाली की चुरम्याचा प्रसाद घ्यायचा. एक सोमवार मोडला की पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी मी सायखेड्याच्या गव्हाचं पीठ आणि गुळाचा खडा डब्यात भरून एवढा समुद्र ओलांडून आणला होता.

त्या दिवशीच्या बेटावर पोवळ्याचे खडक होते, मासे बघायची जागा तीच. बोटवाल्याने आम्हाला काचेचे मोठे गॉगल दिले, नाकही त्यातच झाकायचं, आणि तोंडात धरायची एक वाकडी रबरी नळी. "मैडम, साँस मुँह से लेना, नाक से नहीं," तो म्हणाला. मी नळीकडे पाहिलं. सकाळपासून किती जणांनी ती तोंडात धरली असेल कोण जाणे. मी ती पदराने पुसली, बाटलीतल्या पाण्याने धुतली, पुन्हा पुसली. बोटवाला हसला. त्याच्या हसण्यावरही माझा विश्वास बसला नाही.

हे गोदावरीत लहानाचे मोठे झालेले, पट्टीचे पोहणारे. मला घोटाभर पाण्यातही भीती. हे म्हणाले, "हात धर माझा. छातीइतकंच पाणी आहे." आणि त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे पोहणारा एक, न पोहणारी एक, आणि खिशात पाकीट. मला स्वतःची शिसारी आली, पण विचार काही गेला नाही. तरी मी गेले, कारण नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

डोकं पाण्यात घातलं आणि सगळं विसरले. खाली जांभळी, पिवळी झाडं फुललेली, ती झाडं नाहीत हे नंतर कळलं. त्यातून बोटाएवढे निळे मासे थव्याने वळत होते, सगळे एकदम. मला वर्गातल्या मुलांची आठवण झाली. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. दोन मिनिटं मी संशयी बाई नव्हते.

मग यांचा हात सुटला. नंतर कळलं की यांच्या गॉगलचा पट्टा निसटला होता. त्या क्षणी मात्र मला एवढंच कळलं की सोडला, शेवटी यांनी मला सोडलंच. मी ओरडायला तोंड उघडलं, नळी निसटली आणि समुद्र घशात गेला. हातपाय झाडता झाडता पाय वाळूला लागले. मी उभी राहिले तर पाणी खरंच छातीइतकं.

वाळूवर येऊन मी खोकत बसले आणि मग जिभेवर मीठ जाणवलं. मला रडू फुटलं. हे घाबरून पाठ चोळत होते. "पाणी गेलं का नाकात? कुठे दुखतंय?"

"मीठ गेलं पोटात," मी म्हटलं. "मोडला माझा सोमवार. चौदा झाले होते. आता पुन्हा पहिल्यापासून धरीन, पण धरीन. सोळाच्या सोळा करीन. तुम्ही आणा कुणालाही घरात."

"कुणाला आणायचंय?"

"सायखेड्याची."

यांना खरोखर काही समजलं नाही, एवढं मला यांच्या तोंडावर दिसलं. मग हे उठले, झाडाखाली ठेवलेल्या कोटातून ते पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "पुन्हा पहिल्यापासून नको धरूस. मला बघवणार नाही. वाच."

पुण्याच्या एका दवाखान्याचा कागद होता. ज्येष्ठात कामासाठी म्हणून पुण्याला गेले होते, तेव्हा यांनी गुपचूप तपासून घेतलं होतं. इंग्रजी चार ओळी. मला कळायला तेवढ्या पुरे होत्या. मूल होणार नव्हतं, आणि कारण मी नव्हते.

आधी मला आनंद झाला. त्याची लाज वाटते, पण झाला. दुसरी कुणी नव्हती. आणि मग राग आला.

"म्हणजे श्रावणाच्या आधीपासून तुम्हाला माहीत होतं. चौदा सोमवार मी उपाशी बसले आणि तुम्ही समोर बसून जेवलात."

"घास उतरत नव्हता."

"तीन पोळ्या उतरत होत्या. मी वाढत होते."

यांनी कागद घडी करून पाकिटात ठेवला. बोटवाल्याने निघायची हाक मारली. मी एवढी संशयी, पण एक साधा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. तो सुचला पंधरा दिवसांनी, सायखेड्यात.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आम्ही सासूबाईंना भेटायला गेलो. वार सोमवार. समुद्र गिळला नसता तर तो सोळावा ठरला असता. त्यांनी मोजणी माझ्याहून चोख ठेवली होती. चुलीशेजारी कणीक, तूप, गूळ काढून ठेवलेलं. मी बाजूची भाकरीची टोपली ओढली आणि म्हटलं, "आई, मला भाकरी द्या. ठेचाही."

त्यांचा हात थांबला. "आज सोमवार नाय का?"

"आहे."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने ताटाकडे. त्या दोघांचं ते न बोलणं मी पाहिलं आणि आषाढातले तीन रविवार माझ्यापुढे उभे राहिले.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"आषाढात आला व्हता सांगाया," त्या खाली बघून म्हणाल्या. "लय रडला. तुला सांगतो म्हणं. म्याच म्हणलं, नको सांगू. शिकलेली हाय, पगार हाय तिला. कळलं का जाईल निघून. त्या आपल्या नात्यातल्या पोरीच्या घरी बी जाऊन बसायची मी. नवऱ्याला सोडून आलेली तिची बहीण हाय तिथं. थोरला भाऊ तिला ठेवतो का परत धाडतो ते बघाया, तू गेलीस तर तुझं काय व्हईल ते कळावं म्हणून."

"आणि गहू? ते कशाला पाठवलेत?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं. "तू सोमवार धरत व्हतीस तवर तू हितंच राहणार, एवढं मला ठाऊक व्हतं."

नऊ वर्षं मी या बाईला भ्यायले होते, आणि आषाढापासून ती मला भीत होती. मला तिची दया आली नाही. माझ्या सोमवारांची आली.

त्यांनी ताटात भाकरी आणि ठेचा वाढला. मी त्यांच्या समोर मांडी घालून बसले आणि जेवले. ठेच्यात मीठ जरा जास्तच होतं. मी आणखी एक भाकरी मागितली, आणि त्यांनी ती तव्यावरून काढून माझ्या ताटात टाकली.