साबुदाण्याच्या देवी

बायकोला जाऊन अजून वर्ष झालं नाही. ती असती तर हे तिनंच सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं असतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. तोंडात येतं तसं लिहितो.

मी कोल्हापुरात सिनेमाच्या स्टुडिओत मेकअप शिकत होतो. पावडर-लाली लावणारे पैशाला पासरी होते. मला जखमांचं काम शिकायचं होतं. भाजलेली कातडी, फुटलेला डोळा, कुऱ्हाडीचा घाव. शिकवणारे आमचे चाचा, मूळचे कुरुंदवाडचे, नाटक कंपनीच्या काळापासून रंग लावत आलेले. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. सगळं तोंड वणांनी भरलेलं. धाकटी बहीण त्याच दुखण्यात गेलेली. चाचा कसलीही जखम करायचे, बघणाऱ्याला मळमळायचं. पण देवीचा फोड त्यांनी कधी कुणाच्या तोंडावर केला नव्हता.

मग तसलंच काम आलं. चित्रपटात गावात देवीची साथ येते आणि नायिकेची जाऊ अंथरुणाला खिळते. चाचा मला म्हणाले, "हे तू करायचं. तोंड माझं, हात तुझा." आणि खिडकीकडं बघत सांगायला लागले. "देवी तोंडावर, हातापायावर दाट. पोटावर कमी. सगळे फोड एका वयाचे, संगट पिकत्यात. मधी खळगा पडतोय, बेंबीगत. आन तळहात, तळपाय सोडत न्हायत, ध्यानात ठेव."

फोड करायचे कशाचे? मेण लाइटच्या उष्णतेनं पाघळायचं. तांदूळ बारीक दिसायचा. घरी बसून दंडावर करून बघत होतो, तर बायको म्हणाली, "अवो, साबुदाणा घ्या की. भिजला की तसाच दिसतोय." तिच्या शुक्रवारच्या उपासासाठी भिजवलेला होता, त्यातला तिनंच चिमूटभर दिला. मिशा चिकटवायच्या डिंकानं मी ते दाणे दंडावर बसवले, आगकाडीच्या टोकानं मध्ये दाबले, वरनं रंगाचा पातळ हात दिला. बायको आधी हसली. मग तिचं हसू गेलं. रांगणारी पोरगी माझ्याकडंच येत होती, तिला उचलून ती आत गेली.

"काढा ते," आतनं ओरडली. "आदी काढा म्हनते न्हवं!"

त्या काळात देवी म्हणजे गोष्टीतली बाब नव्हती. माणसं मरत होती. आणि आमच्या पोरीला देवी टोचायची राहिली होती. टोचणारा गल्लीत आला तेव्हा मायलेकी माहेरी होत्या.

शूटिंगच्या दिवशी जावेचं काम करणाऱ्या बाईंच्या तोंडावर, हातांवर मी फोड बसवले. बाई आरशात बघून म्हणाल्या, "हे निघंल न्हवं रे बाबा?" सेटवर गेल्या तशी गर्दीतली माणसं मागं सरकली. गर्दीतल्या एका म्हातारीनं चप्पल काढली, बाईंच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "आई, आल्या वाटेनं जा." सगळे हसले.

घरी आलो तर पोरगी तापलेली. रातभर कण्हत होती. उजाडल्यावर झबलं वर केलं, तर अंगावर पुरळ.

बायको रडली नाही. तिनं दाराला कडुलिंब लावला, फोडणीची कढई पालथी घातली, माझी चप्पल बाहेर फेकली. घरात देवी आली की करतात ते सगळं केलं. मग माझ्यापुढं बसली.

"माझ्या उपासाचा साबुदाणा," ती म्हणाली. "माझ्या हातानं दिला. देवाच्या नावाचा."

"अगं, तसं काय नसतंय."

"मग बघा की! कालच केलंय न्हवं तुम्ही? तुम्हाला ठावं हाय कसं दिसतंय ते. बघून सांगा."

मी बघितलं. पोटावर, पाठीवर जास्त. तोंडावर थोडे. काही नुसते लाल, काही पाण्यानं भरलेले. चाचांनी सांगितलं त्यात हे बसत नव्हतं. पण पोटच्या पोरीवर हात ठेवून 'ही देवी न्हवं' कशाच्या जोरावर म्हणायचं? मी खोटे फोड करणारा, तोही शिकाऊ. चुकलो असतो तर?

सूर्य वर आला तसे चाचा दारात. सेट लागला होता. बाईंचे कालचे फोड कालच्याच जागी यायला पाहिजेत आणि जागा मलाच ठाऊक. ते शिव्या द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात कडुलिंब दिसला. उंबऱ्यावरच थांबले.

बायको म्हणाली, "आत या चाचा. तुम्हाला देवी येऊन गेल्यात, परत येत न्हायत म्हनत्यात."

चाचा आत आले, पोरीला मांडीवर घेतलं. आधी तळपाय बघितले, मग तळहात उघडून बघितले. मग एकेक फोड, बोट न लावता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"कांजिण्या हायत," म्हणाले. "डॉक्टरला दाखव. पण कांजिण्याच हायत. ही वाचती."

"आन न्हाय वाचली तर?" बायकोनं विचारलं.

चाचांनी पोरगी तिच्याकडं दिली आणि माझी मेकअपची पेटी उचलली. "तू घरात बस," मला म्हणाले.

डॉक्टरनंही कांजिण्याच सांगितल्या. तरी खपल्या धरेपर्यंत आम्ही दोघं धड जेवलो नाही. बायको पोरीच्या नाकापुढं बोट धरून बसायची. मी झोपलोय असं तिला वाटायचं.

पोरगी बरी झाली तेव्हा मी कामावर गेलो. चाचांना विचारलं, "कुठं कुठं फोड होते ते मला सोडून कुणाला म्हाईत नव्हतं. जुळवलं कसं?"

"न्हाय जुळवलं," ते म्हणाले. "माझे वण हायत तिथं लावले. आरसा हुता की समोर. कोन बघतंय?"

आणि भाजलेल्या हाताचं काम माझ्यापुढं टाकून चहा प्यायला निघून गेले.