जंक्शनचे पेशकार

परभणी जंक्शनवर उतरलेला एखादा प्रवासी त्याला हव्या त्या गावी वेळेवर पोचला असेल, तर तो माझ्या मामांची नजर चुकवूनच पोचला, असं खुशाल समजावं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. रेल्वेत त्यांना नोकरी नव्हती, त्यांना कुठं जायचं नसे आणि त्यांच्याकडे कुणी येणारही नसे. तरीही गाडी मनमाडकडची असो, हैदराबादकडची असो की परळीची, अंगात काळी शेरवानी, डोक्यावर टोपी आणि काखेत छत्री अशा थाटात ते फलाटावर हजर असत. स्टेशनमास्तर एखाद्या दिवशी रजेवर जाई, पण मामांनी कधी रजा घेतल्याचं कुणाला आठवत नाही.

शाळामास्तर म्हणून माझी पहिली नेमणूक परभणीला झाली आणि मी आत्याकडे राहायला गेलो, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन फार काळ लोटला नव्हता. त्या राज्यात मामा कचेरीत पेशकार होते. साहेबापुढं कागद ठेवायचे, मजकूर वाचून दाखवायचा आणि साहेबाच्या कपाळाकडं बघून हुकूम ओळखायचा, हे त्यांचं काम. राज्य गेलं, पाठोपाठ उर्दू कागद गेले, आणि नव्या साहेबाच्या कपाळावर काय लिहिलंय ते मामांना वाचता येईना. त्यांनी राजीनामा दिला आणि जंक्शनवर स्वतःची नेमणूक करून घेतली. पगार नव्हता, त्यामुळं बडतर्फीचीही धास्ती नव्हती.

तीन दिशांची माणसं तिथं एकमेकांत मिसळत. सेलूचे कापसाचे व्यापारी, परळीच्या वैजनाथाला निघालेल्या म्हाताऱ्या, शेळीला गाडीत घेतील का म्हणून चौकशी करणारे धनगर, पेटीवर बसून पेटीच शोधणारे पाव्हणे. माझी गाडी कोणती, एवढंच त्यांना विचारायचं असे. मामांच्या लेखी हा प्रश्न अगदीच किरकोळ. "गाडीचं सोडा," ते म्हणत, "मूळ मुद्दा काय हाय? तुमी जायलाव कशाला?" मग माणूस बिचारा आपली सगळी कैफियत मांडी आणि मामा डोळे मिटून ती ऐकून घेत. निकाल बहुधा न जाण्याच्या बाजूनंच लागे, आणि अपिलाची सोय नसे, कारण तोवर गाडी गेलेली असे.

एकदा वालूरचा एक धनगर गंगाखेडला निघाला होता. बायको रुसून माहेरी गेलेली, तिला आणायचं होतं. मामांनी त्याला बाकावर बसवून उलटतपासणी घेतली. ती रुसली कशावरून, पहिला शब्द कुणाचा, सासू त्या वेळी कुठं होती. तो कावराबावरा होऊन म्हणाला, "मालक, गाडी सुटायलीय की!" मामा म्हणाले, "सुटू दे. आधी चूक कुणाची ते ठरू दे." चूक धनगराचीच ठरली आणि परळीची गाडी निघून गेली. धनगर डोक्याला हात लावून बसला. पण पुढं परळीकडून जी गाडी आली, तिच्यातून त्याची बायकोच बोचकं घेऊन उतरली. राग आपोआप निवळून ती घरी निघाली होती. "बघा! हा गेला असता तर चुकामूक झाली असती," असं मामांनी अख्ख्या फलाटाला सुनावलं. त्या दिवसापासून ते फारच असह्य झाले. मद्रासकडचे स्टेशनमास्तर हात जोडून म्हणत, "पेशकारसाब, आप घर जाओ, गाडी हम छोड़ता." मामा उदारपणे उत्तर देत, "छोडिए, छोडिए, मगर सोच समझके." आत्या म्हणायची, "साऱ्या दुनियेला वाट दाखवत्यात, आन् जेवायला घरी यायची वाट ह्यांना मी दाखवायची."

त्यांची एकुलती लेक कुसुम मॅट्रिक झाली आणि औरंगाबादला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला तिला जागा मिळाली. फलाटावर मामांनी ही बातमी तिन्ही दिशांना पोचवली. सेलूच्या एका व्यापाऱ्यानं, पोरीला एवढं शिकवून करायचं काय, असं विचारलं तर त्याला असा फैलावर घेतला की तो बिचारा दुसऱ्या डब्यात जाऊन बसला. घरात मात्र औरंगाबादचं पाणी जड झालं, हवा रुक्ष झाली, तिथली माणसं कुणाची नव्हेत असं ठरलं. कुसुम ऐकून घेई आणि आपल्या साड्यांच्या घड्या घाली. "नाना, सुट्टीत येईनच की मी," ती म्हणे. मामा म्हणत, "येशील की. मी कुठं काय म्हणालो?"

निघायच्या दिवशी मामा आमच्या आधीच स्टेशनात जाऊन उभे राहिले. मी ट्रंक घेऊन, आत्या डबा घेऊन आणि कुसुम वळकटी घेऊन पोचलो, तेव्हा पलीकडच्या फलाटावर एक गाडी उभी होती. मामांनी छत्री रोखली. "तिकडं. आज तिकडून सुटायलीय." एवढ्या अधिकारानं सांगितलेलं खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं, म्हणून ते मला खरंच वाटलं. रूळ ओलांडून मी ट्रंक डब्यात चढवलीसुद्धा. कुसुमचा एक पाय पायरीवर होता. तिनं आत नजर टाकली. बाकांवर म्हाताऱ्या बसल्या होत्या, मांडीवर नारळ आणि बेलाच्या पानांच्या पुड्या होत्या.

"मावशे, कुठं निघालाव?" तिनं विचारलं.

"वैजनाथाला, बाई. दुसरीकडं कुठं जायलीय ही गाडी?"

तेवढ्यात अलीकडच्या फलाटावर औरंगाबादवरून जाणारी मनमाडची गाडी येऊन थांबली. मी ट्रंक खाली ओढली आणि आम्ही तिघं रूळ ओलांडून धावत सुटलो. हमालानं ट्रंक आत ढकलली, कुसुम चढली, खिडकीशी आली. मामा धावले नव्हते. ते सावकाश चालत आले.

"नाना, ती परळीची गाडी होती," कुसुम म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"असं?" मामा म्हणाले. "ऐनवेळी बदलली असंल." मग खिडकीच्या गजाला हात लावून म्हणाले, "खिडकीशी बसू नको. कोळसा जातो डोळ्यात."

गाडी हलली. तिच्या डोळ्यांत कोळसा आधीच गेलेला दिसत होता.

परतताना आत्या पुढं, मी आणि मामा मागं चालत होतो. धावाधावीनं माझा खांदा दुखत होता आणि जिभेवर आलेलं मला आवरलं नाही. "मामा, एवढी वर्षं लोकांना गाड्या सांगायलाव, आज चूक कशी झाली?"

"चूक न्हाई झाली."

"म्हणजे तिला खरी गाडी सांगणारच नव्हता?"

"सांगणार होतो की."

"कधी?"

"मनमाडची सुटल्यावर," मामा म्हणाले. थोडं चालून झाल्यावर हळूच पुढं बोलले, "उद्या बी असतीच की गाडी."

आत्यानं मागं वळून पाहिलं नाही. पण तिची चाल मंदावली आणि आम्ही तिला गाठेपर्यंत ती तशीच हळूहळू चालत राहिली.