उसनं आडनाव

"आडनाव विचारलं त देशमुख सांगजो."

सुलू माझ्या पायाशी बसली होती. गालिच्यावर गुडघे टेकून. माझ्या साडीच्या निऱ्या खालून ओढून सारख्या करत होती. तोंडात पिन. पिन काढली, एवढं बोलली, पिन परत तोंडात धरली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काय म्हणली?"

"देशमुख. मी सगळ्यायले सांगून ठेवलं, तू माही मावसबहीण हायेस म्हणून."

"काऊन?"

तिनं वर पाहिलं नाही. "सासूबाई आल्या ना वर्ध्याहून. तुले त माहीत हाय आपल्याकडचे लोक. एका दिवसाचा त प्रश्न हाय."

ती निऱ्या बसवत राहिली. हात तिचे प्रेमाचेच होते. म्हणून तर जास्त लागलं.

ही गोष्ट इंग्लंडातली. लेस्टरजवळच्या एका लहान गावातली. ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. मी अल्लीपूरची. सरकारी स्कॉलरशिप मिळाली म्हणून कपाशीवरच्या किडींचा अभ्यास करायला लीड्सला गेले होते. आमच्या वस्तीतून मॅट्रिक झालेली मी दुसरी मुलगी. तिथून पुढं दुसरं कोणी नव्हतं. मी एकटीच.

लीड्सच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. गर्दी असली तरी. एकदा दोन पोरांनी रस्त्यात शिवी दिली. ते मला समजत होतं. त्यांना माझं कातडं दिसत होतं, गावातली माझी आळी दिसत नव्हती. त्यांच्या लेखी मी आणि सुलू सारख्याच. खोटं कशाला सांगू, पहिल्या महिन्यात मला त्याचं थोडं बरंही वाटलं होतं.

सुलू आणि मी वर्ध्याच्या होस्टेलवर चार वर्षं एका खोलीत राहिलो. एका ताटात जेवलो. दुसऱ्या वर्षी तिला टायफॉइड झाला तेव्हा तिचे कपडे मी धुतले, तिला मुगाचं पाणी चमच्यानं पाजलं. घरचे येईपर्यंत तीन दिवस मी झोपले नाही. "तू माही सख्खी बहीण हायेस," असं ती रडून म्हणाली होती. पुढं तिचं लग्न डॉक्टरशी झालं, ती इंग्लंडला गेली. मी लीड्सला आल्याचं कळवलं तर तिचं आठ पानांचं पत्र आलं. शुक्रवारी ये, रविवारी जा. पत्रासोबत गाडीची वेळ.

तिचं माहेर पुलगावचं. वर्ध्याहून पुलगाव पॅसेंजरनं एक तासही लागत नाही. चार वर्षांत तिनं मला तिथं एकदाही नेलं नाही. कधी पाहुणे असायचे, कधी आईची तब्येत. मला कधी शंकाच आली नाही. वीस वर्षांची पोर, मला कोणी मैत्रीण म्हणतंय यातच मी खूश.

त्या शनिवारी निऱ्या बसवून झाल्या तेव्हा मला पुलगाव आठवलं. एकदम. लख्ख.

तरी मी खाली गेले. हेही सांगितलं पाहिजे. तेव्हाच बॅग उचलून निघाले असते तर आज ताठ मानेनं लिहिलं असतं. पण मी गेले. देशमुख होऊन गेले.

जेवायला दोन मराठी कुटुंबं आली होती, दोन्ही डॉक्टरांची. सुलूचा नवरा दीपक वाढायला मदत करत होता. मोठ्या टेबलाच्या टोकाला सासूबाई, अंगावर दोन स्वेटर. मी जाताना माझ्या मायनं घातलेल्या मुगवड्या घेऊन गेले होते. अल्लीपूरहून निघताना मायनं चिंधीत बांधून दिल्या होत्या. मी निम्म्या सुलूसाठी राखून ठेवल्या होत्या. तिनं त्यांची रस्सा भाजी केली होती. सासूबाईंनी दोनदा मागून घेतली.

"बाप्पा, किती दिवसानं खाल्ल्या," त्या म्हणाल्या. "कोणाच्या हातच्या हायेत वं?"

"माझ्या आईच्या," मी म्हणाले.

"कोणतं गाव म्हणलं तुमचं?"

"अल्लीपूर."

त्यांचा चेहरा फुलला. "अल्लीपूरचे देशमुख? माही मोठी मावशी देली होती तेथं. सारे घरं माहीत हायेत मले. तू कोणाची?"

मी सुलूकडे पाहिलं. ती भात वाढत होती. वाढता वाढता घाईनं बोलली, "त्यायचं चुलत घराणं हाय, आई. कधीचेच गाव सोडून गेले ते. हिचे वडील वारले ना. लहानपणीच."

भाताची वाफ माझ्या तोंडावर आली.

माझा बाप. हिंगणघाटच्या एका जिनिंगात कापसाच्या गठाणी उचलत होता. पाठीला घट्टे. मी विमानात बसणार म्हणून नवं धोतर घेऊन नागपूरपर्यंत आला होता, आणि स्टेशनात कोणत्या दारातून बाहेर पडायचं ते न समजून पंधरा मिनिटं एकाच जागी उभा राहिला होता. त्याला सुलूनं मारून टाकलं. भाताचा डाव हातात धरून. आडनाव उसनं घेतलं तोवर मी गप्प होते. पण बाप?

मी हातातला घास ताटात ठेवला.

"माझे वडील जिवंत आहेत," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "जिनिंगात हमाल आहेत. आम्ही देशमुख नाही. गावाच्या शेवटच्या आळीतले आहोत आम्ही. बौद्ध."

आणि माझं खरं आडनाव सांगितलं. ते ऐकल्यावर वर्ध्याच्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

कोणी मला एकही वाईट शब्द बोललं नाही. हे लिहून ठेवते, कारण लोक विचारतात, मग त्यांनी केलं तरी काय? काहीच नाही. पाहुण्यांपैकी एका बाईनं ताटावर कागदी रुमाल झाकला. तिला मुलाचा पोहण्याचा क्लास आठवला. दुसऱ्या डॉक्टरांनी बर्फ पडेल का यावर दीपकशी बोलायला सुरुवात केली. सासूबाई उठल्या. हात न धुता, खरकटा हात अंगापासून लांब धरून जिना चढल्या. वर दार लागलं. मग पाण्याचा आवाज सुरू झाला.

त्या आंघोळ करत होत्या. दुपारी तीन वाजता. त्या थंडीत.

इंग्लंडच्या घरांत वरच्या मजल्याची जमीन लाकडाची. वरचं सगळं खाली ऐकू येतं. नळ चालू. तांब्या. परत तांब्या. आम्ही सगळे टेबलाशी बसून ते ऐकत होतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी थांबेना. मला वाटलं, ही बाई माझ्या मायचा हात अंगावरून धुऊन काढतेय. आणि माझी माय हजारो मैलांवर चूल सारवून निजली असेल, तिला ठाऊकही नाही.

दीपक मला एवढंच म्हणाला, "तुम्ही एक दिवस गप्प राहू शकत नव्हता का?"

मी वर जाऊन बॅग भरली. खाली आले तर सुलू स्वयंपाकघराच्या दारात उभी. डोळे सुजलेले. हातात कापडी पिशवी.

"हे घेऊन जाय," ती म्हणाली. "तुले लीड्सले कामी येईन."

पिशवीत स्टीलचं ताट होतं. वाटी, पेला. धुतलेले. मी जेवले होते तेच.

ती मला दानही देत होती आणि घरातला विटाळही बाहेर काढत होती. एकाच पिशवीत. आणि तिला खरंच वाटत होतं की ती माझ्यावर माया करतेय.

मी पिशवी घेतली. जेवणाच्या टेबलाशी गेले. ताट काढून बरोब्बर मधोमध ठेवलं. त्यावर वाटी. त्यावर पेला.

"तुमची भांडी तुमच्या घरात राहू द्या," मी म्हणाले. "तुम्हीच ठरवा त्यांचं काय करायचं."

"मी तुह्यासाठीच केलं ना वं सारं," सुलू म्हणाली.

मी बॅग उचलली. स्टेशनवर गेले. माझं तिकीट रविवारचं होतं. तिकीटबाबूनं घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीत बसू दिलं. त्या दोन दिवसांत माझ्यासाठी कोणी काही केलं असेल तर त्या अनोळखी गोऱ्या माणसानं. मला त्याचंही सुख झालं नाही. परक्यानं दार उघडावं आणि आपल्यानं आंघोळ करावी, यात सुख कसलं?

अभ्यास पुरा करून अल्लीपूरला परतले. माय ओट्यावर तुरी पाखडत होती. तिनं विचारलं, "सुलू भेटली का वं तुही?" मी सांगून टाकलं. सगळं. पाण्याच्या आवाजासकट.

तिचं सूप थांबलं नाही.

"मले नवल नाई वाटत," ती म्हणाली. "एकडाव आपल्या घरी आलती ना ते? तू शेजारी दूध आनाले गेलती. मी तिले पानी देलं. तिनं पाठमोरी होऊन कुडाच्या मांगं सांडून देलं. मले वाटलं, तिले दिसलं नाई मी पाहून राह्यली ते."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू पोरी? एकच त मैतरीन व्हती तुले."

त्या दिवशी मला उलगडलं. होस्टेलच्या खोलीत मी सुटी होते. माय नाही, बाप नाही, आळी नाही. तेवढी मी तिला चालत होते. एका ताटात चालत होते. माझी माणसं माझ्यामागं उभी राहिली की मी चालत नव्हते.

वर्ध्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली. खोली शोधायला निघाले. इंग्लंडहून शिकून आलेली बाई म्हणून घरमालक खुर्ची देतात. चहा टाकायला सांगतात. मग आडनाव विचारतात. मग चहा येतच नाही. खोली भावाच्या मुलासाठी ठेवलेली असते. सहा घरं झाली.

माझा धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, आडनाव बदलून घे. सरकारी कागदावर होते ते. कितीक लोक बदलून राह्यले." तो चुकत नाही. बदललं तर आठ दिवसांत खोली मिळेल. त्याला पोरं आहेत, त्यानं बदललं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

मी बदलणार नाही. त्यानं काही सुधारेल असं मला वाटत नाही. आणखी सहा दारं लागतील, हे मला माहीत आहे. सध्या अल्लीपूरहून एसटीनं ये-जा करते. पाय दुखतात.

आता घरमालकानं विचारायच्या आधी मी उंबऱ्याबाहेर उभी राहून आडनाव सांगते. माझं, माझ्या बापाचं. पूर्ण, मोठ्यानं. मग विचारते, खोली आहे का? नाही म्हणायचं असेल तर त्यांनी माझ्या तोंडावर म्हणावं. खोटं बोलायची पाळी त्यांची. माझी संपली.