सहा बिनड्रायव्हरच्या गाड्या आणि इलाहीचाचा

इलाहीचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेमकी त्यांच्यावरच करवादत होते. दहा वाजून गेले तरी माणसाचा पत्ता नाही, फोन उचलत नाहीत, आणि इकडे एक गाडी भट्टीपाशी हटून बसलेली. "येऊ देत आज, चांगली हजेरी घेते," असं मी म्हणतेय तोवर गेटवरच्या वॉचमनचा फोन... "मॅडम, चाचा गेलं. सकाळी नाष्टा करता करताच." कुठं गेले, असं मी विचारलं. खरंच विचारलं.

आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, शिरोली एमआयडीसीत. चाचा तिथं तीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवायचे आणि बाकीच्या पाच फोर्कलिफ्टवाल्यांना कामं वाटून द्यायचेही तेच. कागद नाही, पेन नाही. सीटवरून हाळी दिली की अख्ख्या शेडला ऐकू जायची. अडीच वर्षांपूर्वी मालकांनी सहा बिनड्रायव्हरच्या गाड्या आणल्या. कुठल्या गाडीनं कुठला माल उचलायचा, कुठल्या वाटेनं न्यायचा, हे ठरवणारी यंत्रणा बसवायला मला नेमलं. मी हातकणंगल्याची, शेतकऱ्याची पोर, शिकून इंजिनिअर झालेली. डोक्यात हवा भरपूर! पहिल्याच मीटिंगला सगळ्यांसमोर म्हणाले, "चाचा, आता ओरडायची गरज नाही. गाड्या आपलं आपण बघून घेतील." त्यांनी फोर्कलिफ्टची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेले. बाकीच्या पाच जणांना दुसऱ्या शेडवर घेतलं, चाचांना मार्गदर्शन करायला म्हणून माझ्या शेजारी खुर्ची दिली. मार्गदर्शन कसलं... मीच त्यांना काही विचारत नव्हते.

माझा हिशेब सोपा होता. काम निघालं की जवळची रिकामी गाडी तिकडं पाठवायची. कॉम्प्युटरवर झकास चालायचं. शेडमध्ये मात्र भट्टीकडून मागणी आली की सगळ्या तिकडंच धावायच्या, आणि मधल्या बोळात तीन इकडून, तीन तिकडून, समोरासमोर. प्रत्येक गाडी दुसरीनं आधी जावं म्हणून थांबलेली. पाऊण पाऊण तास! खुर्चीत बसून चाचा म्हणायचे, "ह्यांच्यापरीस रुसल्यालं पावणं बरं. ते चहा तरी मागत्यात." मला अंगाची लाही व्हायची. शेवटी मालकांनी आठवड्याची मुदत दिली. नाहीतर गाड्या परत, आणि त्यांच्याबरोबर मीही घरी. शनिवारी कॅन्टीनमध्ये तोंड धुवायच्या निमित्तानं रडून घेत होते, तर चाचा मागं हजर. "रडू नगं, पोरी. उद्या आमच्या उचगावला ये. उरुसाचं जेवण हाय. जेवायला न्हाय, वाढायला ये."

गेले. जाऊन बघते तर मांडवात चार पंगती, आणि चाचा वाढप्यांचे म्होरके. माझ्या हातात तांबड्या रश्श्याची बादली दिली. मांडवाच्या कोपऱ्यातून कुणीतरी "रस्सा, रस्सा" म्हणून ओरडलं, मी अर्ध्या पंगतीतून गर्रकन मागं फिरले आणि भातवाल्यावर आदळले. एका पावण्याचा पांढराशुभ्र शर्ट तांबडा. सगळी पंगत हसतेय, आणि चाचा मात्र गंभीर. बाजूला घेऊन म्हणाले, "पंगतीत उलटं फिरायचं न्हाय. ह्या टोकानं शिरायचं, त्या टोकानं भाईर पडायचं. जो ओरडतोय त्याच्याकडं सगळ्यांनी पळायचं न्हाय. ज्याचं वाढून होत आलंय, त्यो जाईल. आणि एक गडी रिकाम्या हातानं हुबाच पायजे. सगळी कामाला लावलीस की पंगत अडली म्हणून समज." मी बादली घेऊन तशीच उभी. माझा सगळा प्रोग्रॅम मला त्या रश्श्यात दिसला.

सोमवारी वाटा एकेरी केल्या. जवळची नव्हे, लवकर मोकळी होणारी गाडी आधी बघायची. एक कायम रिकामी ठेवायची. गुरुवारपर्यंत सहाच्या सहा न अडखळता फिरायला लागल्या. चाचा म्हणाले, "शिकलीस की!" तेव्हापासून मी त्यांना विचारल्याशिवाय एकही नियम बदलला नाही.

पण मनातला सल गेला नाही. ते तासन् तास त्या गाड्यांकडं बघत बसायचे. एकदा न राहवून विचारलं, "चाचा, फोर्कलिफ्टची आठवण येती का?" तर म्हणाले, "गप काम कर." मला वाटायचं, या माणसाचं सुख मी काढून घेतलं, वर त्याच्याकडूनच शिकून नाव कमावलं. ते गेल्यावर तर जेवण गोड लागेना. आता कुणाची माफी मागायची?

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाला उचगावला त्यांच्या घरी गेले. आतल्या खोलीत चाचींसमोर बसले आणि सगळं बोलून टाकलं. चाची माझ्याकडं बघतच राहिल्या. "येडी का काय तू? त्यांच्या डोळ्यात काचबिंदू हुता. बाजूचं दिसत न्हवतं. एकदा एक माणूस गाडीखाली येता येता वाचला, तवापास्नं डबा तसाच परत यायचा. मी म्हणायची सांगा मालकास्नी, तर म्हणायचे, गाडी सोडून करू काय? आणि एक दिवस किल्ली ठिवून आले बघ... चार भाकरी खाल्ल्या. म्हणाले, सुटलो गं. माझ्या हातनं माणूस मराय नगं हुता."

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. जीव मुठीत धरून गाडी चालवली आणि कुणाला सांगितलं नाही! दोन वर्षं मला जाळत ठेवलं ते वेगळंच. मग हसू आलं, मग रडू. दोघी रडलो. घरी येताना इतकं हलकं वाटत होतं की गाडी रस्त्याकडेला लावून उसाचा रस प्यायले.

गेल्या मंगळवारी, इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर घरात बसायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर चाची म्हणाल्या, मला त्या गाड्या दाव. मी त्यांना शेडमध्ये घेऊन गेले. समोरून एक गाडी कास्टिंग भरून येत होती. "चाची, बाजूला व्हा," म्हणेपर्यंत त्या पदर सावरून सरळ तिच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. गाडी चार हातांवर थांबली. मागची थांबली. चाचींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"व्हय," त्या म्हणाल्या, "थांबती की ही."

आणि मग त्या आपण होऊन बाजूला झाल्या, गाडीला वाट दिली.