वरण एक, फोडणी गावाची

सकाळी दिवसाची यादी करत होते. चौथ्या ओळीत ‘काकूसाठी कोकम’ लिहिलं आणि काशीच्या दुर्गाघाटावरून फोन आला. काकूच्या हाताखाली स्वयंपाक करणारी रामदुलारी एवढंच म्हणाली, “दीदी, काकूजी नहीं रहीं…” ती यादी तशीच राहिली. कोकम मात्र मी आणलंच.

सुमनकाकू माझी चुलती. काका गेल्यावर तिने घराच्या खालच्या दोन खोल्यांत महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी खानावळ काढली. ती बरी चालली होती. मग मोठ्या रस्त्यावर नवं हॉटेल उभं राहिलं… एसी, लिफ्ट, दारापर्यंत गाडी. आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तरी एकीला मागे जावं लागतं. जेवायला बसणारी पानं कमी होत गेली. “दिवाळीपर्यंत बघते,” काकू म्हणाली, “नाहीतर कुलूप.” मी लगेच यादी केली : हॉटेलात काय आहे आणि आपल्याकडे काय नाही. लिफ्ट शक्य नव्हती, म्हणून पनीर, डोसा आणि छापील मेन्यूपासून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी वर्ध्याच्या एका आजोबांनी ताट बाजूला सारलं. “बाई, पनीर तर आमच्या बसस्टँडवरही भेटते. काशीत येऊन तेच खाऊ का जी?”

काकू हसत सुटली. “घ्या, यादीबाई! दुसऱ्याच्या घरातलं सामान मोजून आलीस. आपल्या घरात काय आहे, ते कुठं लिहिलंस?”

आपल्या घरात होता तिचा दारातला प्रश्न : “कुठले तुम्ही?” ही तिची जुनीच खोड, पण ओळखीच्या लोकांपुरती. आता तिने त्याचाच धंदा केला. वरणाचं पातेलं एकच. गाव कळलं की लोखंडी पळीत फोडणी त्या गावची. रत्नागिरीकरांना कोकम आणि ओलं खोबरं, सातारकरांना काळा मसाला, वर्धेकरांना लाल मिरच्यांचा ठसका. “आणि तू हे लिहून ठेव,” ती मला म्हणाली, “ते तुला जमतं.” मेन्यू रद्दीत गेला. दिवाळीला कुलूप नाही, गल्लीत रांग लागली! पुढे त्या हॉटेलचे मॅनेजर स्वतः आले. “काकूजी, हमारे मराठी गेस्ट खाना आपके यहाँ का ही माँगते हैं. भेज दिया करें?”

“भेजिए,” काकू म्हणाली, “पर पहले फोन पर गाँव बताइए.”

तेराव्यानंतर खानावळ उघडली. दारात मी होते. दापोलीचं एक कुटुंब आलं. मी विचारलं, फोडण्यांची वही उघडली, पळी तापत ठेवली, कोकम काढलं. फोडणी वरणावर ओतली. दोन घासांनंतर त्यांच्यातल्या आजींनी रिकामी वाटी पुढे केली. “बाय, तू आमच्याकडचीच दिसतेस. कुठली गं तू?”

“दुर्गाघाटची,” मी म्हणाले, आणि पळी पुन्हा चुलीवर चढवली.