हो म्हणवून घेणारे सर

धारूरकर सर पेशंटला ‘बसा’ म्हणायच्या आधी बोलायला सुरुवात करायचे. बीडपासून एसटीनं तासाभरावर असलेल्या आमच्या सरकारी दवाखान्यात ते समुपदेशक होते आणि मी परिचारिका. खोली एकच, मध्ये हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे मी बीपी तपासायची, पलीकडे सर लोकांच्या सवयी बदलायचे. एका पेशंटला सात मिनिटं लागत. त्यातली साडेसहा सरांची असत.

बोलणं मात्र ऐकण्यासारखं. तंबाखूवर ते असे रंगायचे की बाहेर रांगेतले म्हातारे मन लावून ऐकत आणि ऐकता ऐकता तळहातावर चिमूट मळत. शेवटी सर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “पटलं का? पटलं असेल तर हो म्हणा.” पेशंट “व्हय सायब” म्हणायचा आणि सर रजिस्टरात लिहायचे, ‘उत्तम प्रतिसाद’. त्या रजिस्टराप्रमाणे आमच्या भागातली तंबाखू केव्हाच संपली होती. जिल्ह्याच्या बैठकीत शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कारही झाला. परत आल्यावर मला म्हणाले, “सिस्टर, पेशंटला बोलायची संधी दिली की तो भरकटतो.”

माणूस वाईट नव्हता. गावाकडून उपाशीपोटी आलेल्या पेशंटला स्वतःच्या डब्यातली भाकरी द्यायचे. देताना मीठ कमी खाण्याबद्दल सांगायचे, एवढंच.

कौसाबाई दिवाळीच्या आधी आल्या. नेकनूरकडच्या, पंचेचाळिशीच्या, दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या. बीपी बरंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि सरांकडे पाठवलं.

“सकाळी नाश्ता झाला की गोळी,” सर म्हणाले. “आठ तास झोप. आणि रोज अर्धा तास चालायचं. शरीराला हालचाल पाहिजे. हो म्हणा.”

अंधारात फडात उतरून दिवसभर ऊस तोडणारी आणि मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवणारी ती बाई ते ऐकून घेत होती. मग म्हणाली, “व्हय सायब. चालीन की.”

पडद्याअलीकडे मला हसू आलं. हसले आणि गप्प बसले. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

संक्रांतीनंतर त्यांना जीपमध्ये घालून आणलं. फडातच कोसळल्या होत्या. कारखान्याजवळच्या दवाखान्यात आठवडा काढला होता. तोंड किंचित वाकडं झालेलं, डावा हात उचलत नव्हता. गोळ्या त्यांनी कधीच बंद केल्या होत्या, हे नवऱ्यानं सांगितलं.

“मला हो म्हणाली होती ही बाई,” सर मला म्हणाले. “रजिस्टरात आहे.” आणि कॉटजवळ उभं राहून गोळीचं महत्त्व सांगायला लागले. कौसाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुपारी त्यांचे केस विंचरताना मी विचारलं, “मावशी, गोळी का बरं सोडली?”

“घडीघडी लघवीला लागायचं बाई तिच्यानं. तोडलेल्या फडात आडोसा कुठला? समदी बाप्ये मानसं. आन् दोनदा उठलं की मुकादम वरडतो. आदी पानी प्यायचं सोडलं. मंग गोळी सोडली.”

“सरांना का नाही सांगितलं?”

“त्यांनी इचारलं कवा?”

हे मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता यावरही व्याख्यान होईल. पण सरांनी रजिस्टरातलं कौसाबाईंचं पान काढून पुन्हा वाचलं. मग डॉक्टरांकडे गेले आणि लघवी न वाढवणारी दुसरी गोळी आहे का, असं विचारलं. होती. बदलायला पाच मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी ते स्टूल घेऊन कौसाबाईंजवळ बसले. “मावशी, मी सांगितलेल्यातलं काय जमणार नाही, ते सांगा.”

कौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. “काईच जमनार न्हाई, सायब,” त्या म्हणाल्या.

“एकेक सांगा.”

त्या सांगत गेल्या. सरांना ते किती जड गेलं, हे मी पाहिलं. तीनचारदा त्यांचं तोंड उघडलं आणि त्यांनी ते मिटलं.

त्यानंतर रजिस्टरात भलतंच काही दिसायला लागलं. ‘तंबाखू सोडणार नाही म्हणतो. तिनं भूक मरते म्हणे.’ ‘फिरायला निघाली की भावकी हसते.’ पेशंट पुन्हा पुन्हा यायला लागले, रांग कुरकुरायला लागली आणि जिल्ह्याहून पत्र आलं: प्रतिसाद खालावल्याचा खुलासा करावा. सरांनी एका ओळीत खुलासा पाठवला, ‘पूर्वी मी एकटाच बोलत होतो.’ असल्या खुलाशाला आपल्याकडे बदली हेच उत्तर असतं. त्यांना सिरसाळ्याच्या बाजूला पाठवलं आणि त्यांच्या जागी खोलीत आरोग्याचे सल्ले ऐकवणारा टीव्ही बसवला. त्यातली बाई फार शुद्ध बोलते.

सर निघायच्या दिवशी कौसाबाई आल्या. डावा हात पदराखाली धरलेला. तो पुरता कधी बरा झाला नाही. सर बॅग घेऊन फाटकाजवळच्या बाकावर एसटीची वाट बघत होते. त्या शेजारी बसल्या आणि सुनेबद्दल सांगायला लागल्या. नवरा एकटाच फडावर गेल्यापासून घर सुनेच्या हातात आहे, हातानं काम होत नाही म्हणून ती टाकून बोलते, जेवणही जात नाही. सर ऐकत होते.

एसटी आली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मी धावत बाकापाशी गेले आणि म्हणाले, “सर, गाडी.”

त्यांनी कौसाबाईंवरची नजर न हलवता हातानं मला थांबायची खूण केली. गाडी धूळ उडवत निघून गेली. पुढची दोन तासांनी होती.