साखरपुड्याच्या साडीचा तुकडा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते माझ्या वहिनीचे. आई-वडिलांचे तर सगळ्यांवरच असतात. पण मला पदवीधर केलं ते वहिनीने. तालुक्याच्या शाळेतून बारावी होऊन मी खानदेशातून सुरतेला भावाकडे आलो, तेव्हा पांडेसऱ्यात त्यांची एकच खोली होती. तीत ते दोघं, पाळण्यात मुलगी, आणि आता रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन मी. वहिनी सातवी शिकलेली. भाकरी थापता थापता ती माझ्याकडून मूलद्रव्यं पाठ करून घ्यायची. पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं. मी अडखळलो की म्हणायची, "पुन्हा. पहिल्यापासून." पोर रडायला लागली तरी पाठांतर थांबत नसे. पाळण्याची दोरी ओढत मी म्हणायचो, हायड्रोजन, हेलियम, लिथियम... पोर अर्गॉनपर्यंत झोपून जायची. कॅल्शियम तिने पुढे बरीच वर्षं ऐकलंच नाही.

बी.एस्सी. झालो आणि एका डाईंगच्या मिलमध्ये प्रयोगशाळेत लागलो. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावी पेढे वाटले गेले. सगळ्यांना वाटलं, संपलं शिक्षण. माझं मात्र तिथून सुरू झालं. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं आणि आम्ही आमच्या कापडाचा रंग त्याच्याशी जुळवतो, एवढंच काम. पण एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्या उजेडात वेगळा दिसतो, आणि या एका खोडीवर माणसाचा जन्म जाऊ शकतो. आधी डिप्लोमा केला, मग संगणकावर रंग जुळवण्याचा कोर्स. आता केस पिकू लागल्यावर डिजिटल छपाईचा ऑनलाइन वर्ग चालू आहे. त्यात मी सोडून सगळे पाळण्यातल्या त्या पोरीच्या वयाचे आहेत आणि मला 'अंकल, यू आर ऑन म्यूट' म्हणतात. आमचे शेठ गुजरातीत विचारतात, "हजु केटलुं भणशो?" म्हणजे अजून किती शिकणार? मी म्हणतो, "शेठ, रंग संपेपर्यंत." शेठ कपाळाला हात लावतात.

याचा फायदा असा की मला काळ्या रंगात लाल काळा, हिरवा काळा आणि निळा काळा असे तीन भाऊ वेगवेगळे दिसतात. तोटाही तोच. बायको म्हणाली, "पांढरा शर्ट घाला," की माझ्या तोंडून निघतं, "कोणता पांढरा?" एका शेजाऱ्याने नवी गाडी दाखवली आणि मी म्हणालो, "दार नंतर रंगवलेलं दिसतंय." त्या शेजाऱ्याने पुन्हा मला काही दाखवलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. पाळण्यातली ती पोर, माझी पुतणी, एम.एस्सी.ला जायची होती. गिरण्यांच्या सांडपाण्यावर तिला शिकायचं होतं. सुरतेजवळच्या चलथाणच्या एका चांगल्या घरचा मुलगा पसंत पडला, आणि लग्नानंतरही ती शिकेल, असं दोन्हीकडून ठरलं. वहिनीची अट एवढी एकच होती. साखरपुडा पांडेसऱ्यातल्या छोट्या हॉलमध्ये होता. मुलाच्या आईने ओटीसाठी आणलेली साडी ताटात ठेवली होती, रामा हिरवी, काठ जरीचा. ताट वडीलधाऱ्यांच्या हातांतून फिरत होतं. प्रत्येकाने साडीला हात लावून आशीर्वाद द्यायचा आणि ताट पुढे सरकवायचं.

ताट माझ्याकडे आलं. मी साडीला हात लावला. ट्यूबलाइटखाली साडी आणि ब्लाउजपीस एक दिसत होते, पण खिडकीकडे वळवल्यावर ब्लाउजपीस निळसर मारत होता. पुढे काय झालं ते मला ठरवून करता आलं नसतं. आमच्या धंद्यात कापड नुसतं बघत नाहीत. तुकडा कापून कार्डावर लावल्याशिवाय ते बघितलं असं कोणी धरत नाही. त्यासाठी खिशात छोटी कात्री असते. अंगठ्याने साडीच्या काठाजवळची घडी चोळली गेली, उजवा हात खिशात गेला, 'कच्च' आवाज झाला, आणि बोटाएवढा तुकडा माझ्या वरच्या खिशात. मी ताट अदबीने पुढे सरकवलं.

ताट पुढे कोणी घेईना. "वहिनी, हा ब्लाउजपीस वेगळ्या लॉटचा आहे..." मी सुरुवात केली.

"हाई काय करं भाऊजी?" वहिनीच्या तोंडून घरची अहिराणीच बाहेर पडली.

मुलाच्या आईने साडी उचलली आणि त्या चौकोनी भोकातून माझ्याकडे बघितलं. "ओटीची साडी आहे ही," त्या म्हणाल्या. "हे काय करतात?"

"ते शिकलेले आहेत," माझा भाऊ घाईघाईने म्हणाला. त्याने हे बचाव म्हणून सांगितलं होतं. "अजून शिकताहेत!"

"अजून?"

मला वाटलं, आता आपण नीट समजावून सांगितलं पाहिजे. मी उभा राहून डिप्लोम्यापासून सुरुवात केली. उजेडाचे प्रकार सांगितले. ऑनलाइन वर्गापर्यंत पोचलो तेव्हा पुतणी बारीक आवाजात म्हणाली, "काका, बसा ना."

मुलाच्या आई वहिनीकडे वळल्या. "विहीणबाई, अंगठ्या घालून घेऊ. मुलगी आम्हाला पसंतच आहे. पण पुढच्या शिक्षणाचं आपण नंतर बघू. शिकत राहिल्यावर माणूस असा होत असेल, तर विचार करायला पाहिजे."

'नंतर बघू' म्हणजे काय, हे हॉलमधल्या प्रत्येक बाईला कळलं. अंगठ्या घातल्या गेल्या. पुतणीने जेवणात फक्त जिलेबीचे तुकडे केले. साडी चलथाणला परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी माझा फोन उचलेना. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. दारात गेलो की भाऊ सांगायचा, "देवळात गेली आहे," आणि आतून कुकरच्या मागे तिचा खोकला ऐकू यायचा. मग मी रविवारी चलथाणला जाऊन आलो, आणि आल्यावर हे पत्र लिहून भावाच्या हातात दिलं.

*

ती. वहिनींना सा. न.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितो. आज मी चलथाणला गेलो होतो. बरोबर आपल्या चौकातला रफूवाला नेला. तो स्कूटरवर सगळा वेळ माझा शर्ट धरून बसला होता. कापलेला तुकडा माझ्याजवळ होता, त्याचेच धागे काढून त्याने त्यांच्या ओट्यावर बसून साडी रफू केली. आता भोक कुठे होतं ते मलाही सापडत नाही. काठाची जर एका जागी जराशी मंद आहे, पण ते मी तिथे बोललो नाही. वहिनी, मी खरंच बोललो नाही.

रफू चालू असताना विहीणबाईंनी चहा दिला आणि विचारलं, "एवढं शिकून तुम्हाला मिळालं काय?" मी पुष्कळ विचार केला. शेवटी खरं तेच सांगितलं, की इतक्या वर्षांत कामावर जायचा मला कधी कंटाळा आला नाही. त्यांनी कप खाली ठेवला. मग आत टीव्हीसमोर बसलेल्या व्याह्यांकडे मान करून म्हणाल्या, "हे रिटायर झाल्यापासून कंटाळतात आणि माझ्या फोडणीत चुका काढतात." मग विचारलं, "तुमची पुतणी काय कापेल?" मी म्हणालो, ती काही कापणार नाही, ती पाणी तपासते. तर त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. त्यांच्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तो का, हे त्यांना कोणी सांगत नाही. मला माहीत होतं, पण मी म्हणालो, ते आमची मुलगी शिकून सांगेल.

त्या म्हणाल्या, "मग शिकू द्या तिला."

हे मी पुतणीला सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा, तो मान तुमचा.

आणखी एक. लग्नाच्या साड्या घ्यायला बाजारात जाताना विहीणबाईंनी मलाही बोलावलं आहे. दिवसाच्या उजेडात बघून घेऊ म्हणाल्या. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही जा म्हणालात तर जाईन, नको म्हणालात तर घरी बसेन.

तुमचा,
धाकटा दीर